मूकपटातली माणसे घाईत का असतात?

चार्ली चॅप्लिन किंवा बस्टर कीटन यांचे विनोदी मूकपट तुम्ही घरी डीव्हीडीवर पाहिले असतील. त्यातली माणसे कधी कधी तुरुतुरु चालतात आणि झटक्याने मान वळवतात. त्या काळची माणसे काही अशी चालत नव्हती! मग असे का बरे दिसते?

चित्रपट म्हणजे फितीवरील सुट्या चित्रांची मालिका. त्या काळी छायाचित्रकार बहुधा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत असे. सुरुवातीच्या मूकपटांत सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे घेतली जात. १९२७ नंतर बोलपटांचे युग आले. आवाज बिघडू नये म्हणून फितीची गती ठरावीक ठेवणे भाग पडले. ती सेकंदाला २४ चित्रे अशी ठरली. १६ च्या गतीने घेतलेली फीत २४ च्या गतीने दाखवली, की मिनिटाची घटना ४० सेकंदांत संपते.

आपल्याकडील डीव्हीडीच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात. १८ च्या गतीचा तासाभराचा मूकपट तिच्यावर चित्रास चित्र उतरवला, तर तो सुमारे ४३ मिनिटांत आटोपतो. उपाय सोपा आहे. दर १८ चित्रांपैकी ७ चित्रे दोनदा घ्यावीत. १८ + ७ = २५!

पण मूळ गती ओळखायची कशी? येथे गुरुत्वाकर्षण मदतीला येते. ५ मीटर उंचीवरून सोडलेली वीट सुमारे १ सेकंदात जमिनीवर पडते, मग तो काळ कोणताही असो. तेवढ्या वेळात फितीवर जितकी चित्रे उमटली, तितकी कॅमेऱ्याची गती. मात्र त्यासाठी वस्तू जड हवी. टोपी चालणार नाही, कारण हवेचा विरोध तिला रोखून धरतो.

आता एक सावधगिरी. कीस्टोन कंपनीच्या विनोदी पटांत पाठलाग अधिक गमतीदार दिसावा म्हणून दांडा मुद्दाम सावकाश फिरवीत. अशा दृश्याची गती 'दुरुस्त' केली, तर विनोदच मरतो! चित्रे कोणत्या गतीने घेतली हे वीट सांगते; ती कोणत्या गतीने दाखवायची होती, हे मात्र जाणकारालाच ठरवावे लागते.

सोडवून पाहा : चित्रास चित्र उतरवलेल्या एका डीव्हीडीवर ५ मीटर उंचीवरून सुटलेली वीट ०.८ सेकंदात पडते. कॅमेऱ्याची मूळ गती किती? (उत्तर : सेकंदाला २० चित्रे.)