घरातील पट्टेरी केळ : उजेड आणि ऊब यांचे गणित

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसरात केळ म्हटली की डोळ्यांपुढे पाण्याखालचा मळाच येतो. हिरव्या पानांवर पांढरे पट्टे असलेली शोभेची केळ मात्र कुंडीत, घरात वा शाळेच्या व्हरांड्यातही वाढू शकते. हवाई बेटांतील ‘आए आए’ ही अशीच एक प्रसिद्ध जात होय.

घरात केळ वाढविण्याचा प्रयोग नवा नाही. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड यांच्या उष्णगृहात लिनियस यांच्या देखरेखीखाली १७३६ साली केळीला फुलोरा आला. पुढे इंग्लंडमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थच्या काचगृहात १८३५ साली केळ फुलविली. तेथील ड्यूकच्या घराण्यावरून तिला ‘कॅव्हेंडिश’ हे नाव मिळाले. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातील आहेत. थंड देशांत या झाडांना जगविले ते उजेडाने आणि उबेने.

पट्टेरी केळीला या दोहोंची गरज अधिकच असते. पानाचा हिरवा भाग हरितद्रव्याच्या साहाय्याने अन्न तयार करतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने तो हिरव्या भागावर पोसला जातो. म्हणूनच संपूर्ण पांढरा मुनवा फार काळ जगत नाही. नवे रोप करताना हिरवा व पांढरा असे दोन्ही रंग असलेला मुनवा निवडावा.

कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन मानवते. दुपारच्या उन्हाने पांढरे पट्टे करपतात. दर आठवड्यास कुंडी थोडी फिरवावी व पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

केळीला २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. तापमान १६ अंशांखाली गेल्यास वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते. मराठवाड्यात पौष महिन्यातील रात्री पारा इतका खाली येऊ शकतो. अशा दिवसांत कुंडी रात्री खिडकीपासून आत सरकवावी, गार वाऱ्याचा झोत टाळावा व मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. थंड आणि चिंब माती कंद कुजविते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत कुंडीखाली खडे व थोडे पाणी असलेले ताट ठेवावे. मात्र कुंडीचा तळ पाण्यात बुडू देऊ नये.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पानांवरील प्रत्येक पट्टा शोभेचा नसतो. शेतकरी ज्याला ‘हरण्या’ म्हणतात, त्या विषाणूजन्य रोगातही पानांवर पिवळसर पट्टे उमटतात. परंतु त्यात कोवळी पाने आकसतात, पोंगा सडतो व झाडाची वाढ खुंटते. शोभेच्या केळीचे पट्टे शेजारच्या झाडास लागत नाहीत. हरण्या मात्र मावा किडीमुळे आणि रोगट मुनव्यांतून पसरतो. म्हणून रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे, काही आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे आणि रोगाची लक्षणे दिसताच उपटून नष्ट करावे. हौसेखातर आणलेल्या एका कुंडीमुळे शेजारचा केळीचा मळा धोक्यात येता कामा नये.

शिक्षकांनी अशी एक निरोगी केळ वर्गात ठेवली, तर हिरवा रंग म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर, हा विज्ञानाचा धडा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. आणि रोगट पान ओळखण्याची हीच नजर उद्या त्यांना शेतातही उपयोगी पडेल.