साखरेच्या पथ्यात फळाचा नाश्ता

डायबिटीसचे पथ्य म्हणून नाश्ता बुडवू नका. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर येते.

आम्ही ओव्हनशिवाय एक प्रकार करून पाहिला. अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, सालासकट किसलेले एक सफरचंद, एक अंडे, पाव वाटी दूध, चिमूटभर खायचा सोडा व दालचिनी कालवा. साखर, गूळ, मध नको. तिन्हींनी साखर चढते. तेल लावलेल्या डब्यात ओतून, तापलेल्या कढईत स्टँडवर ठेवा. झाकून मंद आचेवर अर्धा तास भाजा.

दोघांत वाटून खा. फळातही साखर असतेच. खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासा. १८० च्या वर गेली तर पुढच्या वेळी तुकडा लहान घ्या. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू वा थांबवू नका.