वजनाची रोजकीर्द

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरपूरकडे जाते. साठी उलटलेले वारकरीही देहूपासून ही वाट पायी चालतात. निघण्याची वेळ ठरलेली, रोजचा पल्ला बेताचा आणि सोबतीला दिंडी, यामुळे ते साधते. वजन आटोक्यात आणण्याची शास्त्रीय रीतही याहून फारशी निराळी नाही.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. परंतु देयकांवर सही करताना मधुमेहाने पाय गमावलेल्या रुग्णांचे कुटुंबीय समोर उभे असतात. कोणी दुभती गाय विकलेली असते, कोणी उसाच्या बिलावर उसनवारी केलेली असते. संस्थेला देयकात सवलत देता येते. गेलेला पाय परत देता येत नाही.

मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा अभ्यास चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. आहार व चालण्याच्या सवयी बदलल्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, तोही वजनात फारशी घट नसताना. अमेरिकेतील २००२ च्या अभ्यासात सात टक्के वजनघट व आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम हे उद्दिष्ट होते. तेथे ही घट ५८ टक्के आढळली. म्हणून काटा हलला नाही तरी नेम मोडू नये.

नेमाचा आरंभ नोंदीपासून करावा. मी स्वतः महिनाभर चहाची नोंद ठेवली. दिवसाला तीन कप होतात अशी समजूत होती. वहीत आठ निघाले. अभ्यागतांसोबत घेतलेला चहा मी कधी हिशेबात धरलाच नव्हता! कपाला दोन चमचे साखर धरता सोळा चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात गूळ, मध व फळांचा रस धरूनही ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे दहा-बारा चमचे आहे.

पुढील गोष्टी घरोघरी करता येतील:

१) रोजचे खाणे, चहा व चालणे वहीत लिहावे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी वजन करावे. कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

२) एका वेळी एकच सवय बदलावी; प्रथम चहातील एक चमचा साखर कमी करावी.

३) फरसाणाचा डबा नजरेआड ठेवावा, काकडी, मुळा, गाजर हाताशी असावे.

४) चालण्यास सोबती जोडावा. घरातील एकासाठी वेगळे न रांधता सर्वांचेच जेवण बदलावे.

५) लग्नसराईत नेमाला खाडा पडेल. रोजकीर्दीत एक दिवस तूट आली म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंद सुरू करावी.

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून जेवण टाळू नये अथवा औषध बंद करू नये.

सभासद व हितचिंतकांनी हा अहवाल वाचून होताच घरातील एक कोरी वही या कामी लावावी, ही नम्र विनंती.