साडेपाच तासांत अमेरिका

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, असं विचारलं की कोणीही फोन काढून सांगतं : सुमारे १२,५०० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं, म्हणजे १४ तास. आमच्या तिकीट एजंटानेही असाच हिशेब मांडला होता. पण आम्ही निघणार कोल्हापुरातून आणि जाणार लेकीकडे, ओहायोतल्या कोलंबसला.

आधी हवेतलं सांगतो. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो बराच वेळ समोरून, येताना पाठीशी. त्यामुळे जायला १६ तासांच्या आसपास आणि यायला त्याहून कमी. तिकिटावर मात्र भलतंच दिसतं, कारण वेळ त्या त्या गावची छापतात. हिवाळ्यात रात्री १.३०ला मुंबईहून निघून सकाळी ७ला न्यूयॉर्क! आमचे व्याही तिकीट बघून म्हणाले, "साडेपाच तासांत? मला कोल्हापूरहून मुंबईला जायला याहून जास्त लागतात." त्यात साडेदहा तासांचा फरक मिळवायचा. मार्च ते नोव्हेंबर तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊ. आणि १२ तारखेच्या रात्री १.३० म्हणजे विमानतळ गाठायचा ११लाच रात्री. इथे भलेभले चकतात.

खरा घोळ जमिनीवर झाला. स्वस्त पडतात म्हणून एजंटाने दोन वेगळी तिकिटं काढली होती, मध्ये जेमतेम दोन तास. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच सहसा इमिग्रेशन होतं. मग पट्ट्यावरून बॅगा उचलून कस्टममधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायच्या. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पट्ट्यावर तीच ती लाल बॅग फिरून येत होती, आमची भाजणीची काही येईना. ती आली तोवर कोलंबसचं विमान गेलं होतं. एकाच तिकिटावर असतो तर पुढच्या विमानाची सोय कंपनीने केली असती. वेगळ्या तिकिटामुळे त्यांच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो. नवं तिकीट खिशातून.

म्हणून एजंटाला पहिला प्रश्न, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर आहे का? पहिल्या अमेरिकी विमानतळावर तीन-चार तास हाताशी ठेवा, तिथे थोडं ताटकळावं लागलं तरी चालेल. व्हीलचेअर मागितली तर वाट दाखवणारा माणूस मिळतो, पण त्याचीही वाट पाहावी लागते. तो वेळही धरा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच, आणि दोन देशांच्या घड्याळांत त्या कधी घ्यायच्या हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी लिहून घ्या. शेवटच्या विमानतळावर बॅगा हातात आल्या की मगच मुलांना गाडी दारापर्यंत आणायला सांगा. आधीच आली तर पोलीस तिला थांबू देत नाहीत.