गावच्या चर्चच्या वहीत न सापडणारा पूर्वज

प्रश्न : माझा जावई इंग्लंडचा. त्याच्या घराण्यात 1810च्या सुमारास कुणी एका स्वतंत्र चॅपलचे पाळक होते म्हणे. नातवंडांसाठी शोध घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फार चांगलं काम हाती घेतलंत. आधी पंथ ठरवा, कारण कागद पंथाप्रमाणे विखुरलेत. ‘स्वतंत्र’ म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरचं, बहुधा काँग्रिगेशनल पंथाचं. त्या पाळकांची नावं व कुठल्या चॅपलवर केव्हा होते, हे सरमन सूचीत मिळतं, ती डॉ. विल्यम्स ग्रंथालयाची. बॅप्टिस्ट निघाले, तर ऑक्सफर्डची अँगस लायब्ररी.

चॅपलच्या जन्म-बाप्तिस्म्याच्या पुष्कळशा नोंदवह्या 1837 नंतर सरकारजमा झाल्या. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी 4’ या मालिकेत आहेत. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, म्हणून त्यांच्या वह्यांत जन्मनोंद शोधा.

लग्नाची नोंद मात्र चॅपलमध्ये शोधू नका. इथेच बहुतेकांची वाट चुकते. 1754 ते 1837 या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागे. स्वतः पाळक असलेल्यालासुद्धा! मला हे फार बोचतं. तेव्हा लग्नासाठी वधूच्या गावच्या पॅरिश चर्चची वही आधी उघडा.

1793 पासून निघू लागलेल्या ‘इव्हँजेलिकल मॅगझिन’चे जुने अंकही चाळा. पाळकांचे मृत्युलेख त्यात येत, आणि कधीकधी त्यांच्या बालपणाचा, शिक्षणाचा तपशीलही हाती लागतो.