शेजाऱ्याचे धान्य व आपला बाजार

शलमोन राजाने मंदिराच्या बांधकामाकरिता सोरेचा राजा हीराम याजकडून गंधसरूची व देवदारूची लाकडे घेतली, आणि त्याच्या घराण्यास दरसाल वीस हजार कोर गहू दिला, असे १ राजे ह्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात आहे. एकापाशी रान, दुसऱ्यापाशी शेत. माप ठरलेले, मोबदलाही ठरलेला. असा व्यवहार समजावयास सोपा. परंतु शेजारी संकटात असून त्याचे धान्य आपल्या बाजारात उतरू लागले, तर न्याय कोणता? हा प्रश्न युक्रेन व पोलंड ह्या देशांपुढे उभा राहिला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केली. युक्रेनचे बहुतेक धान्य काळ्या समुद्रावरील बंदरांतून जात असे. ती बंद पडताच कोठारे तुंबली, आणि तो गहू विकत घेणाऱ्या दूरच्या देशांत भाव कडाडले. तेव्हा युरोपीय संघाने ४ जून २०२२ पासून युक्रेनच्या मालावरील जकात व मर्यादा तात्पुरती उठविली. हे योग्यच झाले. धान्याने पोलंड, रुमानिया इत्यादी देशांतून खुष्कीच्या वाटेने पुढे जावे, असा हेतू होता.

वाट मात्र बिकट होती. युक्रेनमधील रेल्वेच्या रुळांतील अंतर १५२० मिलिमीटर, पोलंडातील १४३५. म्हणजे सरहद्दीवर माल दुसऱ्या डब्यांत भरावा, नाहीतर डब्यांची चाके तरी बदलावी. भाडे वाढले, आणि पुष्कळ धान्य पुढे न जाता पोलंडातच विकले गेले. कित्येक व्यापाऱ्यांनी तर कारखान्याच्या उपयोगाचे म्हणून गहू आत आणला व तो खाण्याकरिता विकला. लबाडी केवळ तागडीतच होते असे नाही. ती कागदावरही होते, आणि तेथे ती गिऱ्हाइकास दिसत नाही.

पोलंडच्या शेतकऱ्यास दोष देण्यापूर्वी त्याची स्थिती पाहावी. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्याच शेतकी मंत्र्यांनी धान्य विकण्याची घाई करू नका, असा सल्ला दिला होता. पुढे जगभर भाव उतरले, आणि राखून ठेवलेला माल अंगावर आला. ५ एप्रिल २०२३ रोजी मंत्र्यांनी राजीनामा दिला. १५ एप्रिलला पोलंडने आयात बंद केली. थोड्याच दिवसांत, मोहोरबंद करून केवळ पलीकडे नेण्याच्या धान्यास वाट मोकळी झाली. ही तजवीज आरंभीच का होऊ नये? साहाय्य करण्याचे सर्व संघाने ठरविले, आणि त्याचा भार सरहद्दीजवळच्या कुणब्याने सोसला, हे मला न्यायाचे वाटत नाही. संघाने नंतर भरपाई दिली खरी, पण भाव पडल्यावर.

सप्टेंबर २०२३ मध्ये पोलंड, हंगेरी व स्लोव्हाकिया यांनी आपापली बंदी चालू ठेवली, तेव्हा युक्रेनने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलंडात युक्रेनचे धान्य गाड्यांतून ओतून रुळांवर सांडण्यात आले. गाऱ्हाणे कितीही खरे असो, पेरणाऱ्याने दुसऱ्या पेरणाऱ्याचे दाणे मातीत घालावे, ह्याचे समर्थन होत नाही. विशेषतः तो दुसरा तोफांच्या आवाजात नांगर धरीत असता.

५ जून २०२५ रोजी ती तात्पुरती सवलत संपली. २९ ऑक्टोबर २०२५ पासून नवा करार लागू झाला. त्यात गव्हासारख्या मालास पूर्वीच्या कराराहून अधिक, पण ठरलेले माप आहे.