नाणेघाट : जकात नाका आणि २४,४०० चा आकडा

नाणेघाट म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर एकच चित्र उभं राहतं. मुरबाडच्या बाजूने पहाटे चढाई, भिजलेले बूट, उलटा धबधबा आणि मेसमध्ये आठवडाभर पुरतील एवढ्या गप्पा. फर्स्ट इयरला मीही तसाच गेलो होतो. वर पोचलो, आरडाओरडा केला, उतरलो. लेण्यात शिलालेख आहे हे माहीत होतं, पण तो वाचायचा असतो हे काही सुचलं नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा, आजी आणि सातवीतली बहीण यांना घेऊन गेलो. या वेळी जुन्नरच्या बाजूने. जुन्नरहून चावंडच्या पायथ्याने, घाटघर गावावरून सुमारे तीस किलोमीटर गाडीने गेलं की थेट पठारावरच पोचतो. पुढे चालणं असं फारसं नाही. सपाट सडा, डाव्या हाताला जीवधन किल्ला, समोर कड्याच्या टोकाला 'नानाचा अंगठा'. आजी काठी टेकत आरामात आली. ज्यांच्या घरी गुडघेदुखी आहे त्यांनी बेधडक न्यावं असं ठिकाण. फक्त कड्याच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नये, आणि खिंडीतल्या पायऱ्या उतरताना जपून. दगड झिजून गुळगुळीत झालेत.

ऑक्टोबरअखेरीस सड्यावर सोनकीची पिवळी फुलं अजून होती. उतारावर कारवी होती, पण ती सात वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे नुसती पानं. बहिणीला मी तिथे एक गंमत सांगितली. या कड्याच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब कुकडी, घोड, भीमा आणि कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जातो, आणि पलीकडे पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. तिने लगेच बाटलीतलं पाणी दोन्हीकडे थोडं थोडं ओतलं.

उलट्या धबधब्याचं कोडंही सोपं आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून सरळ उभा. पावसाळी वारा कोकणातून येऊन त्यावर आदळतो, पुढे जायला जागा नाही म्हणून वर उसळतो, आणि कड्यावरून पडणारी बारीक धार स्वतःसोबत उचलून मागे फेकतो. धार मोठी असेल तर वाऱ्याला ती उचलत नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ड्रॅग शिकवताना हे उदाहरण कोणी का देत नाही, कळत नाही!

असो. मुख्य विषय लेण्याचा. खिंडीच्या तोंडाशी, कोकणाच्या बाजूला काळ्या बेसाल्टमध्ये खोदलेली एक खोली. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खोलीत मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला सातवाहन घराण्यातली नावं कोरली आहेत : राजा सिमुक, राणी नायनिका म्हणजेच नागनिका आणि तिचा पती सातकर्णी, काही कुमार, आणि एक महारठी. नावांखाली या मंडळींच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाजूच्या दोन भिंतींवर मोठा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवीसनपूर्व पहिलं शतक. विधवा राणी नागनिकेने आपल्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची नोंद त्यात केली आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वाचन केलं.

ब्राह्मीची थोडी अक्षरं मी घरून वहीत उतरवून नेली होती. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ग' म्हणजे छपराचा आकार, 'र' नुसती उभी रेघ, 'न' म्हणजे इंग्रजी 'टी' उलटा. लेखाच्या सुरुवातीला देवांना 'नमो नमो' आहे. त्यातला 'न' बहिणीने मोबाईलच्या उजेडात दोन मिनिटांत शोधला. आजी भिंतीजवळ जाऊन म्हणाली, "बाईमाणसाने लिहून घेतलंय होय हे?" आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

आता आपल्या कामाचा भाग. दक्षिणेत गायी, हत्ती, नाणी किती दिली ते या लेखात आकड्यांत आहे. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये यांची गणना होते. १ आणि २ म्हणजे आडव्या रेघा, एक आणि दोन. पण ही आपली पद्धत नव्हे. इथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहाचं चिन्ह वेगळं, विसाचं वेगळं, शंभराचं वेगळं, हजाराचं वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. चार हजारांसाठी हजाराला चार जोडायचा. लेखात २४,४०० कार्षापण नाण्यांचा उल्लेख आहे. आपल्याला त्यासाठी पाच अंक लागतात. तिथे वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीनच चिन्हं. १०,००१ गायींसाठी तर दोनच! लिहायला सुटसुटीत, पण अशा दोन संख्यांचा गुणाकार उभा मांडून बघा. मी खोलीबाहेर बसून प्रयत्न केला आणि सोडून दिला. शून्याने नेमकं काय दिलं हे मला तेव्हा कळलं, बायनरीचा पेपर दोनदा देऊनही कळलं नव्हतं.

बाबांचं लक्ष मात्र बाहेरच्या दगडी रांजणाकडे. त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकायचे, म्हणून नाणेघाट, असं सगळे सांगतात. बाबांनी स्वतः महापालिकेच्या जकात नाक्यावर कारकुनी केलेली, २०१३ साली तिथली जकात बंद होईपर्यंत. त्यांनी रांजणाला फेरी मारली.

"पैसे कोणी असे उघड्यावर ठेवतं का? आणि पावती कोण देणार?"

त्यांचा मुद्दा मला पटतो. लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा उल्लेख नाही, रांजणावरही काही लिहिलेलं नाही. पण लगेच त्यांनीच दुसरी बाजू मांडली. "जागा नाक्याचीच आहे बरं का. वाट अरुंद, बैल वळवून पळायला जागा नाही. पहारेकऱ्याला सावली आहे, पाण्याची टाकी आहेत. मला साहेबांनी नाका निवडायला सांगितला असता तर मीही हीच जागा दिली असती." कल्याण आणि सोपारा बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरकडे, पुढे पैठणला जायचा. रांजण संशयास्पद, नाका मान्य, असा आमचा घरगुती निकाल लागला.

परत निघताना खिंडीत बहीण थांबली. "दादा, हे तर तुझं नाव."

फर्स्ट इयरला कंपासच्या टोकाने मी कोरलं होतं. नाव, रूम नंबर, २०२३. मी साफ विसरलो होतो. काळ्या दगडावर पांढरं उठून दिसत होतं. आई काही बोलली नाही. बाबांनी रुमाल ओला करून घासलं, काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. बेसाल्टच्या पृष्ठभागावर ऊनपावसाने गंजल्यासारखी काळपट साल तयार होते, ती ओरखडली की आतला फिकट दगड दिसतो. ती साल पुन्हा धरायला किती पिढ्या जातात कोण जाणे. घासलं तर डाग मोठा होतो, आणि रंग लावणं म्हणजे दुसरा गुन्हा. पहिला झालेलाच आहे. संरक्षित स्मारक विद्रूप करण्याला १९५८ च्या कायद्यात शिक्षा आहे, हे मी नंतर वाचलं.

"अक्षर तरी नीट काढायचंस," एवढंच आजी म्हणाली. गाडीत जुन्नरपर्यंत कोणी फार बोललं नाही.

ब्राह्मी अक्षरांचा आणि अंकांचा तक्ता माझ्याकडे वहीत आहे. जानेवारीत कोणी जाणार असेल आणि झेरॉक्स हवी असेल तर रूमवर यावं. रूम अजून तीच आहे. नंबर खिंडीत उतरताना उजव्या हाताला लिहिलेला आहेच.